मनाच्या तालमीचा वस्ताद

चैत्राची चाहूल लागली की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत यात्रांचा हंगाम सुरू होतो. एका गावची यात्रा उरकते न उरकते तोच दुसऱ्या गावच्या घाटात बैलगाडे उभे राहतात. २०१४ साली बंद पडलेल्या ह्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा वाट मोकळी करून दिली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यासंबंधीचा कायदाही वैध ठरवला. तेव्हापासून घाटांवर पुन्हा गर्दी लोटू लागली आहे.

ह्या घाटावर पळणाऱ्या बैलाची तयारी कशी होते, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. खुराक, मालिश, पळवून आणणे हे तर झालेच. पण जाणता गाडामालक एवढ्यावर थांबत नाही. नवा खोंड असेल तर तो त्याला आधी माणसांत आणतो, वाजंत्रीचा आवाज ऐकवतो, रिकामा घाट दाखवून आणतो. घरच्या माळावर वाऱ्यासारखा पळणारा खोंड ऐन बारीच्या वेळी बुजला, तर वर्षाचा खुराक मातीमोल होतो, हे त्याला पक्के माहीत असते.

जनावराच्या बाबतीत आपल्याला कळलेली ही गोष्ट लेकरांच्या बाबतीत मात्र आपण विसरतो. मुलगा तालमीत घाम गाळतो, मुलगी पहाटे उठून रस्त्याने धावते, आपण त्यांना दूध-तूप देतो, बूट घेऊन देतो. पुढे जिल्ह्याच्या मैदानावर पाय थरथरले, श्वास चढला, येत असलेला डाव आठवेनासा झाला, तर मात्र आपण एवढेच म्हणतो, की पोराला दम नाही. दम असतो, पण तो बुजलेला असतो. बुजलेले मन ताळ्यावर कसे आणावे, ह्याचे एक शास्त्र आहे. त्याला क्रीडा मानसशास्त्र म्हणतात. हे शास्त्र मराठी माणसाला मराठीतून समजावून सांगणारा एक वस्ताद आपल्या शेजारच्याच नाशिकमध्ये होऊन गेला. त्यांचे नाव कै. भीष्मराज बाम.

पोलीस अधिकारी ते मनाचा शिक्षक

मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही आपली गावे पुणे-नाशिक रस्त्यावर आहेत. ह्या रस्त्याच्या नाशिकच्या टोकाला बामसाहेबांनी आपले काम उभे केले. ते काही मानसशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. भारतीय पोलीस सेवेत ते वरिष्ठ अधिकारी होते. पोलिसाच्या नोकरीत शस्त्र चालवणे आलेच. बामसाहेबांना त्यातून नेमबाजीची गोडी लागली. दुसरीकडे योगाचा अभ्यास चालू होता. नेमबाजी आणि योग ह्या दोन गोष्टी वरवर पाहता एकमेकींपासून दूर वाटतात. एकीत बंदूक, दुसरीत ध्यान. पण दोन्हींत लागते ते एकच, स्थिर चित्त.

हे नीट समजण्यासाठी नेमबाजीतले एक माप सांगतो. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. खसखशीच्या दाण्याहूनही लहान. दहा मीटरवरून तो वेधायचा, तोही एकदा नव्हे, साठ वेळा. अशा वेळी हात बळकट असून भागत नाही. छातीतल्या ठोक्यानेसुद्धा नळी हलते. मनात नुसता विचार आला, की ‘हा नेम चुकला तर?’, की ठोके वाढतात आणि नेम खरोखरच चुकतो. मन चिंती ते वैरी न चिंती, ही आपली म्हण नेमबाजाला अक्षरशः लागू पडते.

बामसाहेबांनी पतंजलीच्या योगशास्त्रातील श्वासाचा अभ्यास, चित्त एका जागी बांधून ठेवण्याची सवय आणि ध्यान ह्या गोष्टी खेळाडूच्या रोजच्या सरावाला जोडल्या. त्यांच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांत मोठमोठी नावे होती. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीची अंतिम फेरी गाठणाऱ्या अंजली भागवत, लंडनच्या २०१२ सालच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा गगन नारंग, आणि क्रिकेटमध्ये ज्याच्या एकाग्रतेचे दाखले दिले जातात तो राहुल द्रविड. इतक्या नामांकित खेळाडूंनाही मनाच्या शिक्षकाकडे जावेसे वाटले, ह्यातच आपल्यासाठी धडा आहे. मनाची तालीम ही दुबळ्यांसाठी नसते. पहिलवान जसा रोज जोर-बैठका काढतो, तशी ती रोज करायची असते.

बामसाहेबांनी आपले ज्ञान स्वतःपाशी ठेवले नाही. इंग्रजीत ‘विनिंग हॅबिट्स’ आणि मराठीत ‘मार्ग यशाचा’ अशी पुस्तके लिहिली. गावोगावच्या खेळाडूला, शिक्षकाला, पालकाला समजावे अशा भाषेत ते लिहीत आणि बोलत. २०१७ साली त्यांचे निधन झाले. पण पोलिसातल्या नोकरीनंतरही माणूस किती मोठे दुसरे काम उभे करू शकतो, ह्याचा दाखला ते मागे ठेवून गेले.

गर्दी पाहिली की काय होते?

हे शास्त्र काही काल-परवाचे नाही. १८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अभ्यासकाने सायकलच्या शर्यतींचे आकडे तपासले. एकटा सायकलस्वार घड्याळाशी पळतो त्यापेक्षा शेजारी दुसरा सायकलस्वार असला की तो अधिक वेगाने जातो, असे त्याला दिसले. मग त्याने चाळीस मुलांना मासे धरण्याच्या गळाची दोरी गुंडाळण्याची फिरकी दिली आणि आधी एकेकट्याने, मग जोडीने फिरवायला सांगितली. जोडीदार असताना वीस मुलांचा वेग वाढला. दहा मुलांवर फारसा परिणाम झाला नाही. आणि उरलेली दहा मुले ईर्षेने इतकी उतावीळ झाली की त्यांचा वेग उलट कमी झाला.

हा आकडा वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘तो बघ, तुझ्या चुलत्याचा पोरगा कसा पुढे गेला!’ असे म्हटले की मूल पेटून उठेल, असे आपल्याला वाटते. काही मुले पेटून उठतातही. पण काही मुले त्याच बोलण्याने बिथरतात. आपले मूल कोणत्या जातकुळीचे आहे, हे आई-बापाइतके दुसऱ्या कुणाला कळणार?

१९६९ साली झालेला दुसरा प्रयोग तर झुरळांवरचा आहे. रॉबर्ट झायॉन्क ह्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी झुरळांना सरळ वाटेने पळवले, तेव्हा दुसरी झुरळे बघत असताना ती अधिक वेगाने पळाली. पण वाट वळणाची केली, तेव्हा बघणारे असताना त्यांना जास्त वेळ लागला. ह्यावरून निघालेला नियम माणसालाही पुष्कळसा लागू पडतो. जे काम अंगवळणी पडलेले आहे ते लोकांसमोर अधिक चांगले होते; जे अर्धवट शिकलेले आहे ते लोकांसमोर बिघडते.

आपल्या तालमीतल्या जुन्या वस्तादांना हे प्रयोगाविना ठाऊक होते. यात्रेच्या आठ दिवस आधी ते पठ्ठ्याला नवा डाव शिकवीत नसत. जे येते तेच घोटून घेत. जाणकार कबड्डी शिक्षकही स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवी चढाई शिकवीत नाही. शास्त्राने आपल्या अनुभवाला पुरावा दिला, एवढेच.

पुढे १९२५ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ यांनी खेळाडूंच्या मनाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा काढली, आणि १९६५ साली रोम येथे ह्या विषयाची जागतिक संघटना स्थापन झाली. भारतीय क्रिकेट संघाने २०११ साली मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा दक्षिण आफ्रिकेचे पॅडी अपटन हे संघाच्या मनाच्या तयारीसाठी नेमलेले होते. २०२४ साली जगज्जेता झालेला बुद्धिबळपटू गुकेश यानेही त्यांचीच मदत घेतली. आता मोठ्या संघांबरोबर डॉक्टर आणि मालिशवाल्याप्रमाणे मानसशास्त्रज्ञही असतो.

शेतकऱ्याच्या घरची उदाहरणे

मोठ्या शहरातली, श्रीमंत घरची उदाहरणे आपल्या कामाची नाहीत, असे कुणी म्हणेल. म्हणून दोन उदाहरणे आपल्यासारख्या घरांतली पाहू.

नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे पाण्यावाचून तळमळणारे गाव. तिथला दत्तू भोकनळ हा वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामाला जात असे. २०१२ साली तो फौजेत भरती झाला आणि पुण्यात वल्ही मारायला शिकला. ज्याने पाणी खणून काढायचे, त्याने पाण्यावर नाव चालवायची. आरंभी त्याला पाण्याची भीतीच वाटे. २०१६ सालच्या रिओ ऑलिंपिकला तो गेला तेव्हा आई अपघातानंतर अंथरुणावर होती आणि मुलालाही नीट ओळखत नव्हती. तशा मनःस्थितीत तो एकट्याच्या नौकेत तेरावा आला.

खरी शिकवण पुढे आहे. २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेत २३ ऑगस्टला एकट्याच्या शर्यतीत आजारी दत्तू अंतिम फेरीत सर्वांत मागे पडला. त्या दिवशी भारताच्या सगळ्याच वल्हेकऱ्यांच्या पदरी निराशा आली. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, त्याच दत्तूने तिघा साथीदारांसह चौघांच्या नौकेत सुवर्णपदक पटकावले. एका रात्रीत अंगातली ताकद दुप्पट होत नाही. कालचा पराभव कालच्याच दिवशी ठेवून आजच्या शर्यतीला उभे राहणे, हे त्यांनी साधले. मानसशास्त्रज्ञ खेळाडूकडून जे घोटून घेतो, ते नेमके हेच.

दुसरे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आलेला, रेल्वेत नोकरी करणारा आणि पुण्यात बालेवाडीला सराव करणारा हा नेमबाज. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून मारायच्या पहिल्या टप्प्यानंतर तो सहावा होता. पुढे झोपून आणि मग उभ्याने मारायच्या टप्प्यांत तो एकेक पायरी वर चढत गेला आणि ४५१.४ गुणांसह कांस्यपदकाचा मानकरी ठरला. सहाव्या क्रमांकावरून तो पुढे सरकला तो एकेका गोळीने. ‘पदक मिळेल का?’ ह्या विचाराऐवजी ‘ही गोळी नीट मारू’ एवढाच विचार करणे, हे बोलायला सोपे आहे. अंगी यायला वर्षे लागतात.

भीती वाटणे हा काही गुन्हा नव्हे, हेही इथेच सांगितले पाहिजे. सचिन तेंडुलकरने २०२१ साली जाहीरपणे सांगितले, की खेळाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत सामन्याच्या आदल्या रात्री त्याला झोप लागत नसे. पुढे त्याने त्या अस्वस्थतेशी झगडणे सोडले; ती आपल्या तयारीचाच भाग आहे, असे मानले. पेरणीच्या आधी पावसाची चिंता कुणा शेतकऱ्याला वाटत नाही? चिंता वाटते म्हणून कुणी बी घरात ठेवत नाही.

लेखणी आणि कॅमेरा

मनाचा शिक्षक एका वेळी एका खेळाडूला शिकवू शकतो. पण गावोगावी अशी हजारो मुले आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचायचे कसे? बामसाहेबांनी लेखणी हाती धरली. पॅडी अपटन यांनीही आपले अनुभव पुस्तकात मांडले. २००८ साली बीजिंगला भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून देणारा अभिनव बिंद्रा याने २०११ साली आपली कहाणी लिहिली. तीत त्याने आपल्या भीतीविषयीही मोकळेपणाने लिहिले आहे. ती भीती मोडण्यासाठी तो ऑलिंपिकपूर्वी जर्मनीत उंच खांबावर चढला होता.

लेखणीच्या जोडीला दुसरे साधन आहे ते अनुबोधपटाचे. जुन्या वाचकांना आठवत असेल, यात्रेतल्या तंबूत किंवा तालुक्याच्या टॉकीजमध्ये मुख्य चित्रपट सुरू होण्यापूर्वी सरकारी फिल्म्स डिव्हिजनची छोटी फिल्म दाखवीत. ही संस्था १९४८ साली मुंबईत सुरू झाली. धरण, लस, बी-बियाणे, खेळ, नाना विषय त्या फिल्मांतून खेड्यांत पोहोचले. ज्याला वाचता येत नव्हते, त्यालाही त्या कळत. आता ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आहे, पण अनुबोधपटांचे युग संपलेले नाही. उलट आता ते मोबाइलवर घरोघर पोहोचतात.

खेळाडूच्या मनावर अनुबोधपट काय करू शकतो, ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०२० साली अमेरिकेत निघालेला ‘द वेट ऑफ गोल्ड’, म्हणजे ‘सोन्याचे ओझे’. ब्रेट रॅपकिन यांनी दिग्दर्शित केलेल्या ह्या पटाचे निवेदन मायकेल फेल्प्स ह्या जलतरणपटूचे आहे. फेल्प्सच्या नावावर ऑलिंपिकची २८ पदके आहेत, त्यांपैकी २३ सुवर्ण. एवढे मिळवलेला माणूस ह्या पटात सांगतो, की स्पर्धा संपल्यावर त्याला आणि त्याच्यासारख्या इतरांना नैराश्याने कसे ग्रासले होते. बलदंड खेळाडू आपले दुखणे उघडपणे बोलून दाखवतो, तेव्हा घरात गुपचूप सोसणाऱ्या मुलालाही बोलायचे धैर्य येते. शंभर व्याख्यानांनी होत नाही ते काम अशी एक फिल्म करून जाते.

कॅमेऱ्याचा आणखी एक उपयोग थेट सरावातला आहे. खेळाडूचा उत्तम खेळ चित्रित करून तो त्यालाच वारंवार दाखवायचा, म्हणजे ‘मला हे जमते’ ही खूणगाठ मनात पक्की होते. क्रीडा मानसशास्त्रात ही पद्धत मान्य झालेली आहे. त्यासाठी आता महागडे यंत्र नको. घरातला मोबाइल पुरतो. आपण मात्र बहुधा मुलाचा पराभव चित्रित करतो आणि तोच चारचौघांना दाखवतो.

ह्या पेशात कसे शिरावे?

बारावी किंवा पदवीला असलेल्या एखाद्या मुला-मुलीच्या मनात हा पेशा भरला, तर वाट अशी आहे. बारावीनंतर, मग ती कोणत्याही शाखेची असो, मानसशास्त्र हा विषय घेऊन पदवी घ्यावी. पुढे त्याच विषयात एम. ए. करावे, आणि त्यानंतर क्रीडा मानसशास्त्राचे खास शिक्षण आणि अनुभवी माणसाच्या हाताखाली उमेदवारी करावी. जो स्वतः खेळलेला आहे, हरलेला आहे, त्याला ह्या कामात मोठा फायदा होतो. खेळाडूची भाषा त्याला वेगळी शिकावी लागत नाही. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. मानसशास्त्रज्ञ औषधे लिहून देत नाही. औषधाची गरज असेल तिथे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच लागतो.

काम शिकायला फार दूर जायला नको. पुणे-नाशिक रस्त्याचे पुण्याकडचे टोक ह्या बाबतीत समृद्ध आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल तिथे आहे. फौजेची क्रीडासंस्था तिथे आहे. पुणे विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग आहे. आणि फिल्म बनवायला शिकायचे असेल, तर १९६० साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूटही पुण्यातच आहे.

अनुबोधपट करणाऱ्याला तीन कामे यावी लागतात. लेखक म्हणून विषय शोधून त्याची मांडणी करणे. निर्माता म्हणून पैसा, माणसे आणि परवानग्या जमवणे. आणि सर्वांत अवघड म्हणजे समोरच्याचा विश्वास मिळवून त्याला बोलते करणे. हे तिसरे काम मानसशास्त्रज्ञाला इतरांपेक्षा चांगले साधते, कारण ऐकणे हाच त्याचा धंदा. पण इथे एक पथ्यही आहे. खेळाडूने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून पुस्तकात वा पडद्यावर येता कामा नये. गावचा जुना वैद्य नाडी पाहून जे कळे ते चावडीवर सांगत नसे, तसेच हे.

ही वाट सोपी आहे, असे सांगून कुणाला भुलवायचे नाही. मोठ्या संघांतल्या जागा मोजक्याच असतात. आरंभी शाळा, महाविद्यालये, अकादमी अशा ठिकाणी थोडे-थोडे काम करत नाव मिळवावे लागते. पण गरज मोठी आहे, आणि आपल्या बोलीत, आपल्या घरची स्थिती जाणून सल्ला देणारा माणूस खेड्यातल्या खेळाडूला हवाच आहे.

आपल्या दाराशी आलेला प्रश्न

हा विषय आपल्या कुटुंबांना इतका जवळचा का? कारण आपल्याकडे खेळ हा नुसता खेळ राहिलेला नाही. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. पहाटे आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या पोरा-पोरींच्या मागे घरच्यांची केवढी आशा उभी असते! जमीन वाटण्यांनी तुकडे-तुकडे झालेली, टोमॅटो-कांद्याच्या भावाचा भरवसा नाही. मग सगळ्या घराचे लक्ष त्या काही मिनिटांच्या धावण्यावर लागते. ते ओझे घेऊन मूल धावते. काही सेकंदांनी भरती हुकली, तर त्याला वाटते की आपण घर बुडवले.

म्हणून घरच्यांनी पाळाव्यात अशा काही गोष्टी सांगतो. त्यांना पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट श्वासाची. सरावाच्या शेवटी रोज पाच मिनिटे मुलाने शांत बसावे, नाकाने श्वास घ्यावा आणि घेतला त्याहून सावकाश सोडावा. सावकाश सोडलेल्या श्वासाने छातीचे ठोके मंदावतात. पण ही सवय रोज केली तरच स्पर्धेच्या दिवशी उपयोगी पडते. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

दुसरी गोष्ट ठरलेल्या क्रमाची. स्पर्धेपूर्वी काय खायचे, किती वेळ अंग मोकळे करायचे, मैदानात उतरताना मनाशी कोणता एक शब्द म्हणायचा, हे आधीच ठरवावे आणि सरावातही तसेच करावे. ओळखीचा क्रम हाती असला की अनोळखी मैदानाचे भय कमी होते. जमल्यास आदल्या दिवशी मैदान पाहून यावे.

तिसरी गोष्ट हातात असलेल्या गोष्टींची. प्रतिस्पर्धी कोण, पंच कसा, निकाल काय, हे आपल्या हाती नाही. पहिल्या फेरीचा वेग, हातांची हालचाल, शेवटच्या वळणावर दम राखणे, हे आपल्या हाती आहे. मुलाशी बोलताना ‘नंबर आला पाहिजे’ असे न म्हणता ‘पहिली फेरी ठरल्याप्रमाणे धाव’ असे म्हणावे.

चौथी गोष्ट मुलींची. मुलगी पहाटे धावून येते, मग पाणी, स्वयंपाक, गोठा उरकून शाळेला जाते आणि रात्री सर्वांत शेवटी झोपते. थकलेल्या शरीरात मन स्थिर राहत नाही. भावाला सरावाच्या दिवसांत कामातून मोकळीक मिळते, तर बहिणीलाही मिळाली पाहिजे. तिच्या झोपेचा तास हा तिच्या खुराकाचाच भाग आहे.

पाचवी गोष्ट पराभवाच्या दिवसाची. त्या दिवशी चुकांचा पाढा वाचू नये. आधी जेवू घालावे, झोपू द्यावे. चूक काय झाली, हे दोन दिवसांनी वस्तादाने किंवा शिक्षकाने शांतपणे सांगावे. आई-बापाचे काम त्या दिवशी एवढेच, की घरातली जागा नंबरावर ठरत नाही, हे लेकराला कळू द्यावे.

सहावी गोष्ट सावधगिरीची. मूल पंधरा-पंधरा दिवस गप्प राहू लागले, जेवण तुटले, झोप उडाली, सराव नकोसा झाला, किंवा जगण्याविषयी निराशेचे बोलू लागले, तर ‘होईल ठीक’ म्हणून वाट पाहू नये. सरकारी रुग्णालयात दाखवावे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवस-रात्र केव्हाही बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते. वेडाचा शिक्का बसेल, ही भीती मनातून काढून टाकावी. पाय मुरगळला तर आपण लपवत नाही, मग मन मुरगळले तर का लपवावे?

आपल्याकडे तालीम आहे, मैदाने आहेत, डोंगर चढून काटक झालेली मुले आहेत. गावच्या व्यायामशाळेने किंवा हायस्कूलने वर्षातून एकदा एखाद्या मानसशास्त्रज्ञाला बोलवावे. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात ह्या विषयाची दोन-चार मराठी पुस्तके ठेवावीत. एखाद्या रात्री मंदिरासमोरच्या पटांगणात पडदा लावून एखाद्या खेळाडूवरचा चांगला अनुबोधपट मुलांना आणि त्यांच्या पालकांना एकत्र बसवून दाखवावा. गणपती मंडळांना ह्यापेक्षा चांगला कार्यक्रम कोणता? आणि येत्या भरतीला आपला मुलगा किंवा मुलगी निघेल, तेव्हा दारातून निरोप देताना एवढेच सांगावे: ‘ठरल्याप्रमाणे धाव. नंबर येवो न येवो, संध्याकाळी जेवायला घरी ये.’